जुन्या शिडाच्या बोटीतला संडास: वास जात नाही, भांड्यात पाणी चढतं, दांडा जड झालाय

मुंबई बंदरात, मांडव्याला किंवा गोव्यात मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या जुन्या फायबरच्या शिडाच्या बोटींवरून बोलावणं आलं की तक्रार बहुतेक वेळा ठरलेली असते: "संडासाला वास मारतोय, नवीन बसवून द्या." नवीन बसतो, खोलीला रंगही लागतो आणि काही आठवड्यांत तोच वास परत येतो. भांडं आणि पंप बदललेले असतात, पण वास पाइपाच्या भिंतीत, बिल्जच्या (बोटीच्या तळाच्या पोकळीतल्या) पाण्यात किंवा भिजलेल्या प्लायमध्ये मुरलेला असतो. म्हणून माझं एकच सांगणं: वास आणि पाणी नेमकं कुठून येतंय हे सापडेपर्यंत नवा संडास घेऊ नका आणि रंगाचा ब्रश हातात धरू नका. खालच्या तपासण्या फुकटच्या आधी, खर्चाच्या नंतर आणि बोट पाण्याबाहेर काढायला लावणाऱ्या सगळ्यात शेवटी, अशा क्रमाने दिल्या आहेत. क्रम मोडू नका, कारण पुढची तपासणी मागचीच्या निकालावर उभी आहे.

आधी लक्षणं ओळखा

बोट चार-आठ दिवस बंद होती, पहिल्यांदा पंप मारला आणि सडक्या अंड्यांचा भपकारा आला, मग पाच मिनिटांत सगळं ठीक झालं, तर दोष आत येणाऱ्या समुद्राच्या पाण्यात आहे.

वास कायम आहे, दुपारी ऊन तापलं की वाढतो, पाइप जातात त्या कपाटाचं दार उघडल्यावर जास्त येतो, तर बाहेर जाणारा पाइप पाझरतोय.

पंप मारतानाच डेकवर घाण वास येतो, तर मैल्याची टाकी आणि तिची हवेची नळी बघायची.

कुणी हात लावलेला नसताना भांड्यात पाणी चढतं, तर हे लक्षण वासापेक्षा कितीतरी गंभीर आहे. खाली त्याच्यावर सविस्तर लिहिलं आहे. घाई असेल तर आधी तेच वाचा.

पंपाचा दांडा जड झालाय किंवा दाबल्यावर उलटा वर येतो, तर पाइप आतून भरत आलाय किंवा कुठलातरी कॉक बंद आहे. दांडा अगदी हलका चालतो आणि पाणीच येत नाही, तर पंप हवा ओढतोय.

पायाखालची फळी दबते, कोपऱ्यात प्लाय काळं पडलंय, शेवाळी कुबट वास येतो, तर तिथे संडासाचा संबंध नसण्याचीही शक्यता आहे.

फुकटची पहिली तपासणी: खोली धुवा आणि नाक ताजं करा

साबणाच्या गरम पाण्याने भिंती, भांड्याचा मागचा भाग, फळीखालची जागा आणि बिल्ज धुवून घ्या, पाणी उपसा, कोरडं पुसा. सगळी झाकणं आणि दारं उघडी ठेवून दिवसभर वारा खेळू द्या. हे आधी केलं नाही तर पुढच्या प्रत्येक तपासणीत जुना सांडलेला वासच तुम्हाला फसवेल. मग आधी डेकवर दहा मिनिटं मोकळ्या हवेत थांबून आत या. आत बसून राहिलेल्या माणसाच्या नाकाला वास कळेनासा होतो. मालक म्हणतो काहीच वास नाही, आणि पाहुणा शिडीवरूनच परत फिरतो, हे मी नेहमी बघतो.

न्हाणीचं पाणी कुठे जातं तेही आत्ताच बघा. जुन्या बोटींत शॉवरचं पाणी बऱ्याचदा थेट बिल्जमध्ये सोडलेलं असतं. साबण, केस आणि अंगाचा मळ तळाशी साचून जो वास मारतो, त्याचा दोष विनाकारण संडासावर येतो. जाळी आणि पंप असलेला छोटा वेगळा डबा बसवला की हा प्रकार कायमचा मिटतो. केस अडकलेली जाळी दर आठवड्याला साफ करायची एवढंच.

दुसरी तपासणी: गोड्या पाण्याची बादली

आत येणाऱ्या पाण्याचा सी-कॉक (बोटीच्या कवचातल्या भोकावर बसवलेला कॉक) बंद करा आणि आठवडाभर संडास फक्त गोड्या पाण्याने वापरा, भांड्यात बादलीने ओतून. पंप नेहमीसारखा मारा. आठवड्याने सडक्या अंड्यांचा वास गेला असेल तर दोष सापडला, आणि खर्च शून्य.

कारण असं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे अडीच ग्रॅमच्या वर सल्फेट असतं. पाइपात अडकून राहिलेल्या पाण्यातले सूक्ष्म जीव मरतात, प्राणवायू संपतो आणि प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू त्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. आपल्या बंदरातलं पाणी गरम, गढूळ आणि सेंद्रिय गाळाने भरलेलं, त्यामुळे इथे हे फार लवकर होतं. म्हणजे हा वास मैल्याचा नाहीच, स्वच्छ दिसणाऱ्या खाऱ्या पाण्याचा आहे. भांड्यात फिनेल ओतून तो जात नाही, कारण ओतलेलं औषध आत येणाऱ्या पाइपात पोचतच नाही.

उपाय: बोट सोडताना सी-कॉक बंद करा, आत येणाऱ्या पाइपाचं (साधारण १९ मिमी) टोक त्यावरून काढून गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवा आणि पंप मारून पाइप, पंप आणि भांड्याच्या कडेखालची खाच सगळं गोड्या पाण्याने भरून ठेवा. दर वेळी पाइप काढायचा कंटाळा येत असेल तर बेसिनच्या निचऱ्याचा पाइप टी लावून या पाइपाला जोडता येतो. मग सी-कॉक बंद करायचा, बेसिन गोड्या पाण्याने भरायचं आणि पंप मारायचा. दोन्हीकडे छोटे कॉक ठेवा, नाहीतर पंप बेसिनमधून हवा ओढत राहील. पण एक गोष्ट कधीच करू नका: बोटीच्या पिण्याच्या पाण्याची लाइन थेट संडासाला जोडू नका. पंपातलं घाण पाणी उलटं टाकीत गेलं तर सगळी बोट आजारी पडेल.

तिसरी तपासणी: गरम फडकं

स्वच्छ फडकं गरम पाण्यात भिजवून पिळा, बाहेर जाणाऱ्या जाड पाइपावर (३८ मिमी) गुंडाळा आणि पूर्ण गार होऊ द्या. मग फडकं घेऊन डेकवर जा आणि तिथे हुंगा. फडक्याला मैल्याचा वास आला तर वास पाइपाच्या भिंतीतून आरपार येतोय. बाहेरून पाइप कोरडा आणि चकचकीत दिसत असला तरी फरक पडत नाही. प्रत्येक हातभर तुकड्यासाठी नवं फडकं वापरा. बहुतेक वेळा सगळ्यात खाली लोंबलेला भागच वास देतो, कारण तिथे मैला थांबून राहतो.

आपल्याकडे हे जास्त होण्याचं एक कारण बाजारात आहे. मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात किंवा तालुक्याच्या गावी शेतीच्या दुकानात जो हिरवा सक्शन पाइप मिळतो, तो स्वस्त आणि हाताशी असल्यामुळे बऱ्याच बोटींत लावलेला असतो. विहिरीच्या पंपाला तो उत्तम, संडासाला नाही. मैल्यासाठी बनवलेला, आतून गुळगुळीत, जाड भिंतीचा सॅनिटरी होज महाग पडतो, पण तोच लागतो. या सगळ्या कामात पैसे वाचवायची जागा हा पाइप नाही.

जुना पाइप काढताना स्क्रू-ड्रायव्हर खुपसून ओढाताण करू नका, पंपाचं प्लास्टिकचं तोंड तडकतं. धारदार सुरीने पाइप लांबीत चिरा आणि सोलून काढा. आत पांढरा दगडासारखा थर दिसेल. नवा पाइप बसवताना त्याचं टोक उकळत्या पाण्यात मिनिटभर धरा, मऊ पडलं की हाताने चढतं. प्रत्येक टोकाला दोन क्लिपा, ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसच्या, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूला. साध्या क्लिपांचा पट्टा चमकत राहतो आणि स्क्रू मात्र गंजून जातो, म्हणून चुंबक लावून बघा. स्क्रूला चुंबक घट्ट चिकटला तर ती क्लिप इथे नको.

पाइप कुठेही झोळासारखा लोंबता ठेवू नका. आणि पंप पुरेसा मारा. ३८ मिमी पाइपात एका मीटरला १.१ लिटरच्या आसपास पाणी मावतं. पाइप तीन मीटर असेल तर मैला बाहेर पडायला साडेतीन लिटर पाणी ढकलावं लागतं. तुमच्या पंपाच्या दहा दांड्यांत किती पाणी जातं ते एकदा बादलीत मोजा, आणि किती दांडे मारायचे तो आकडा दारामागे लिहून लावा. पाहुणे चार दांडे मारून बाहेर येतात आणि सगळा ऐवज पाइपात तसाच राहतो.

चौथी तपासणी: भांड्यात आपोआप पाणी चढतं

हे लक्षण दिसलं तर त्या रात्री बोट तशीच सोडून घरी जाऊ नका. बहुतेक जुन्या बोटींत भांड्याची कड पाणरेषेच्या खाली किंवा जेमतेम वर असते. सायफन (पाणी पाइपातून आपोआप ओढलं जाणं) सुरू झाला की समुद्र भांडं भरतो, भांडं ओसंडून बिल्ज भरतो, बोट खाली बसते आणि सायफनचा जोर आणखी वाढतो. नांगरावर शांत उभ्या असलेल्या बोटी अशा बुडालेल्या आहेत.

तपासणी सोपी आहे. भांडं कोरडं करा. आत येणारा सी-कॉक बंद करा, बाहेर जाणारा उघडा ठेवा आणि अर्धा तास थांबा. पाणी चढायचं थांबलं, तर ते आत येणाऱ्या बाजूने येत होतं. तरीही चढत राहिलं, गढूळ किंवा वास मारणारं असलं, तर ते बाहेरच्या पाइपातून उलटं येतंय. मग उलट करून बघा: बाहेरचा बंद, आतला उघडा. बसून बघा, बोट सोडून जाऊ नका.

उलटं पाणी येत असेल तर पहिला संशय जोकर व्हॉल्व्हवर. पंपाच्या बाहेरच्या तोंडात बसलेला हा रबरी तुकडा आहे, त्याला दोन ओठ असतात. पाणी बाहेर ढकललं की ओठ उघडतात, नंतर मिटतात. ओठांवर क्षार चढले किंवा रबर ताठरलं की फट राहते. किंमत पंपाच्या मानाने नगण्य, काम अर्ध्या तासाचं. बदलताना ओठांची टोकं बाहेर जाणाऱ्या पाइपाकडे असली पाहिजेत. उलटा बसवलेला जोकर मी अनेक बोटींत बघितलाय. हा व्हॉल्व्ह दर मोसमाला बदला, वाट बघू नका. त्याच वेळी पंपाचं पूर्ण किट घेऊन फ्लॅप, वायसर आणि पिस्टनची ओ-रिंग बदलून टाका, म्हणजे पुन्हा उघडायला नको. रबराला सिलिकॉन ग्रीसच लावा. गाडीचं पेट्रोलियम ग्रीस काही रबरं फुगवतं आणि मग दांडा हलत नाही.

आतल्या बाजूने येत असेल तर दोन गोष्टी. पंपावरची पाणी-बंद कळ वापर झाल्यावर "बंद"वर आहे ना ते बघा. मग लूप बघा. पंपातून भांड्याकडे जाणारा पाइप पाणरेषेच्या बराच वर चढून परत खाली आला पाहिजे, आणि त्याच्या माथ्यावर हवा आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह असला पाहिजे. हा हवेचा व्हॉल्व्ह मिठाने चोंदला की लूप असून नसल्यासारखा. तो काढून कोमट गोड्या पाण्यात भिजवा आणि फुंकून बघा: हवा आत गेली पाहिजे, पाणी बाहेर यायला नको. बोट वाऱ्याने एका बाजूला कलते तेव्हा त्या बाजूची पाणरेषा वर सरकते, हे धरून लूपची उंची ठरवा. कलल्यावरसुद्धा माथा पाण्यापेक्षा वीतभर तरी वर राहिला पाहिजे.

जुन्या बोटीत लूपच नसेल, आणि हे अगदी सर्रास आढळतं, तर बाकी सगळी कामं थांबवून आधी लूप बसवा. तोपर्यंत दर वापरानंतर दोन्ही सी-कॉक बंद, हा नियम बोटीवरच्या लहान मुलांनाही शिकवा.

पाचवी तपासणी: जड दांडा

आधी बघा, बाहेरचा सी-कॉक उघडा आहे का. बंद कॉकवर जोर लावला तर दाब पाइपात वाढतो, क्लिप सुटते आणि सगळं खोलीत पडतं. दांडा अडला की थांबा. त्यावर पाय देऊन उभं राहणारे लोक आहेत, कृपा करून तसं करू नका.

कॉक उघडा असूनही जड असेल तर पाइपात क्षार चढलेत. लघवी आणि खारं पाणी एकत्र आलं की कॅल्शियमचा दगडासारखा थर धरतो. ३८ मिमीचा पाइप आतून अंगठ्याएवढा उरलेला मी कितीदा बाहेर काढलाय. थर पातळ असेल तर पांढरा व्हिनेगर दोन लिटर ओतून पाइपात येईल इतकेच दांडे मारा, रात्रभर ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. दोन-तीन वेळा करावं लागतं. थर जाड असेल तर पाइप काढून धक्क्यावर न्या आणि काँक्रीटवर आपटा. तुकडे आपोआप बाहेर पडतात. पाइप चांगल्या प्रतीचा असेल तरच हे करण्यात अर्थ आहे, नाहीतर नवा घाला.

दुकानात मिळणाऱ्या कडक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते सी-कॉकच्या पितळेवर आणि पंपाच्या रबरावर थांबू देऊ नका. आणि आम्लासोबत ब्लीच कधीही नको, ना एकत्र, ना एकामागोमाग. क्लोरीन वायू तयार होतो आणि बोटीतली ही खोली एवढी लहान असते की दार गाठेपर्यंत छाती भरून येते.

ओला वाइप, टिश्यूचा गोळा, सिगारेटचं थोटूक, सॅनिटरी पॅड यांतलं काहीही भांड्यात जाता कामा नये. त्यासाठी झाकणाचा डबा ठेवा, तंटा मिटला.

सहावी तपासणी: टाकी

टाकीला बाहेरची हवा मिळाली तर आतला मैला कमी वास मारतो. हवेची नळी चोंदली की सडका वायू साठतो आणि पंप मारताना मिळेल त्या फटीतून बाहेर येतो. आपल्याकडे ही नळी बंद करणारा मुख्य आरोपी म्हणजे कुंभारीण माशी. पावसाळ्यात बोट उभी असताना ती नळीच्या तोंडात मातीचं घर करते. बाहेरून वायर घालून साफ करा आणि तोंडावर बारीक जाळी लावा. मात्र ती जाळीही दर महिन्याला पुसा.

टाकीचं मोठं झाकण उघडलंच तर त्यावर वाकून आत बघू नका. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला की नाकच बधिर होतं, वास येत नाही म्हणजे धोका नाही असं तिथे धरता येत नाही.

टाकी आहे म्हणून ती बंदरात रिकामी करू नका. जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय मारपोल कराराच्या चौथ्या परिशिष्टातली अट, प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडेच सोडायची, मोठ्या जहाजांसाठी लिहिलेली आहे. पण आपण ज्या पाण्यात उभे आहोत त्यातच शेजारी कोळ्यांची जाळी असतात, हे विसरून चालत नाही.

सातवी तपासणी: लाकूड

इथवर सगळं ठीक निघालं आणि कुबट वास राहिला, तर प्लाय तपासा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने तळापासून वर ठोकत जा. चांगलं प्लाय टणटण वाजतं, कुजलेलं थपथप. शंका आली तिथे बारीक टोच्या घालून बघा, सहज आत गेला तर आत लगदा आहे.

पाणी कुठून येतं ते शोधायला सगळं कोरडं करून प्रत्येक जोडाखाली टिश्यूची पट्टी चिकटवा. एक दिवस संडास वापरा, पट्ट्या बघा. दुसऱ्या दिवशी संडास बंद ठेवून डेकवर पाइपाने पाणी सोडा, एका वेळी एकाच जागी, खालून वर. बऱ्याचदा दोषी निघतं ते खिडकीचं रबर किंवा डेकवरचा एखादा बोल्ट.

या खोलीची एक भिंत जुन्या बोटींत बहुधा मुख्य बल्कहेड (बोटीला ताकद देणारी आडवी भिंत) असते, आणि डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांच्या पट्ट्या त्याच भिंतीला बोल्टने जखडलेल्या असतात. पट्टीभोवती प्लाय काळं किंवा मऊ लागलं तर तिथे पुट्टी भरून रंग लावणं म्हणजे डोलकाठी पाडायची तयारी. शीड उभारू नका.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

सी-कॉकचा दांडा फिरत नसेल आणि बोट पाण्यात असेल तर जोर लावू नका. साधं पितळ समुद्रात जस्त गमावतं, गुलाबी आणि ठिसूळ होतं. तसा कॉक हातात तुटून येतो आणि मागे भोक उरतं. प्रत्येक कॉकला मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवा, आणि कॉक बदलायचं काम बोट यार्डात वर घेतल्यावर, ब्राँझचा किंवा डीझेडआर (जस्त न गमावणाऱ्या पितळेच्या) मालाचा नग घालून, माहीतगार माणसाकडूनच करून घ्या.

दोन्ही कॉक बंद असूनही बिल्ज भरत असेल तर लगेच मदत बोलवा. बल्कहेड पट्टीजवळ कुजलं असेल तर बोटबांधणीवाला आणि तारा बघणारा, दोघं हवेत. किनाऱ्याच्या २३० व्होल्टची वायर या ओल्या खोलीतून जात असेल तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत किनाऱ्याचा प्लग काढून ठेवा. बोटीच्या कवचाला (हलला) नवं भोक पाडायचं असेल किंवा टाकीच्या आत उतरायचं असेल, तरीही जाणकारालाच बोलवा.

रंग, आणि पावसाळ्याआधी

दोन आठवडे बंद दारामागे वास आला नाही, टिश्यूच्या पट्ट्या कोरड्या राहिल्या, की मग खुशाल घासा, प्रायमर मारा, रंग द्या. छतात एक सौर पंख्याचा व्हेंट बसवला तर त्याचा उपयोग रंगापेक्षा जास्त होतो.

कोळी जूनच्या आधी होड्या शाकारून ठेवतात, तेव्हाच तुमच्या संडासाचीही आवराआवर करा. गोड्या पाण्याने पाइप धुवून पूर्ण रिकामे करा, पंपाखालचा निचऱ्याचा बूच काढून तो भांड्याशेजारी दोरीने बांधा, म्हणजे ऑक्टोबरमध्ये कुणी तो न लावता बोट पाण्यात सोडणार नाही. जोकर काढून ठेवा, टाकी धुवा, नळीच्या तोंडाला जाळी आहे ना बघा. बोट वर जमिनीवर असेल तर सी-कॉक उघडे ठेवा, पाण्यात असेल तर बंद. खोलीचं दार, कपाटं आणि फळी तिन्ही उघडी सोडा.